पूर ओसरल्यावर पडणारा काठ

फाइल जाडजूड होती, पण तिचं म्हणणं एका ओळीत मावणारं होतं. तापीच्या पुराने गावाचा काठ तुटतो, सबब सिमेंट काँक्रीटची संरक्षक भिंत मंजूर व्हावी. गाव अमळनेर तालुक्यातलं, नदीच्या बाहेरच्या वळणावरचं. निधीआधीची त्रयस्थ तपासणी माझ्याकडे आली होती. भिंत टिकेल का हे बघायचंच होतं, शिवाय ती पूररेषेच्या नियमांत बसते का तेही.

शाखा अभियंता आणि सरपंच सोबत होते. ज्यांची केळी काठावर होती ते आप्पा आधीच बांधावर येऊन उभे. आम्ही नकाशा पसरला, तोवर ते म्हणाले, "ताई, पूर चढस तव्हय काठ पडत नही. पानी उतरनं का मंग पडस." सरपंच हसले. मी मात्र नकाशा गुंडाळला आणि त्यांच्या मागे निघाले, कारण अख्ख्या फाइलमध्ये नसलेली गोष्ट त्यांनी सांगून टाकली होती.

तापीकाठची गाळाची माती खोल असते. चोपड्याकडच्या नाहीतर अमळनेरकडच्या घळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना ती किती सहज कोरली जाते हे सांगायला नको. पुराचं पाणी चार दिवस काठाला टेकून राहिलं की ही माती पाणी पिऊन जड होते, पण नदीचंच पाणी तिला समोरून दाबून धरतं. वर हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की नदी चढते, ते मिटले की भराभर उतरते. समोरचा आधार जातो आणि आतलं पाणी तिथंच राहतं. मग काठ बाहेरच्या बाजूला ढासळतो.

केळीच्या शेवटच्या ओळीत आप्पांनी पाचोळा बाजूला सारला. काठाला समांतर एक भेग गेली होती, बोट जाईल एवढी. त्यांनी विळ्याची मूठ उलटी करून आत घातली, ती पूर्ण गेली. खाली उतरून पाहिलं तर नदी पायापासून बरीच लांब, आणि काठाच्या पोटातून मात्र पाणी पाझरत होतं. पिवळी माती तिथे लोण्यासारखी झाली होती. त्याच पायथ्याशी ट्रॅक्टरच्या चाकांचे ताजे माग. वाळू उचलताना काठाला लागून पट्टा सोडायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पायथ्याची वाळू नेली की वरचा काठ लटकतो. सरपंच त्या वेळी फोनवर बोलत होते.

थोडं पुढे भिंतीचा जुना तुकडा उभा होता, कलता झालेला. आतलं पाणी निघून जावं म्हणून भिंतीत पाइप ठेवतात, तसे इथेही ओळीने दिसत होते. मी एकात काडी घातली. चार बोटांवर अडली. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. पाइप नुसते दर्शनी बाजूला खोचलेले, आरपार एकही नाही. मागे माती अडवून पाणी सोडणारा गाळणीचा थर असण्याचा प्रश्नच नव्हता. अशी भिंत काठाचं पाणी अडवून धरते आणि एक दिवस त्या पाण्यासकट पडते. नव्या अंदाजपत्रकातही गाळणीचा थर मला सापडला नाही.

खरी अडचण नकाशात होती. भिंत आजच्या काठावर नव्हती, दहा-बारा मीटर पात्रात पुढे दाखवली होती. मागे मुरमाचा भराव, वर रस्ता. गेलेली जमीन परत मिळवायचा बेत. 'पूररेषा' या रकान्यात लिहिलं होतं 'लागू नाही'.

"ते धोरण २०१५ ला रद्द झालं ना मॅडम," शाखा अभियंता म्हणाले. हा गैरसमज मला सगळीकडे भेटतो. रद्द झालं ते नदी नियमन क्षेत्राचं धोरण, म्हणजे नदीपासून किती अंतरावर कोणते उद्योग चालतील ते ठरवणारं. निळी आणि लाल पूररेषा जलसंपदा विभागाची, ती आजही आहे. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बाग, मैदान, शेती चालते. भराव घालून पात्र अरुंद करणं चालत नाही. गावापाशी रेषा आखलेली नाही, याचा अर्थ नदीला पूर येत नाही असा होत नाही. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर लोक पुराची खूण दाखवतात, ती प्रस्तावित रस्त्याच्या वर होती.

शिवाय पात्रात ढकललेल्या भिंतीवर आपटलेलं पाणी कुठेतरी जाणारच. पलीकडे चोपडा तालुक्यातली शेतं आहेत.

आप्पांना हे पटलं नाही. "मंग मनी जमीन गई ती गईच का?" त्यांचा सातबारा अजून पूर्ण क्षेत्राचा आहे, जमीन मात्र तेवढी उरलेली नाही. महसूल संहितेत वाहून गेलेल्या जमिनीचा आकार, म्हणजे शेतसारा, कमी करून मिळतो, ते मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण आकार कमी होणं म्हणजे केळी परत येणं नव्हे, हे मलाही कळत होतं.

अहवालात मी भिंत सरसकट नाकारली नाही. पाणीपुरवठ्याची विहीर आणि स्मशानभूमी यांच्यापुरतं, आहे त्याच काठावर दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेल्या दगडांचं अस्तर, सुचवलं, खाली गाळणीचा थर आणि नदीच्या तळापर्यंत नेलेला पायथा. शेतांच्या भागात काठ उतरता करून वाळा, निरगुडी आणि करंज. एक उभा टप्पा तसाच सोडायला सांगितलं, तिथे वेड्या राघूंची बिळं आहेत. आणि वाळू उपसा थांबल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नये, ही अट पहिली घातली.

आठवडाभराने शाखा अभियंत्यांचा फोन आला. पिचिंग त्यांना मान्य होतं. वाळूबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांची शंका एकच होती, "वाळ्याची लावण अंदाजपत्रकात कुठल्या बाबीखाली बसवू?"