दोन भोपळे

रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून आत्मविश्वास वाढवणारी पुस्तकं ओळखायची तर मुखपृष्ठ बघावं लागत नाही. पुस्तक आडवं धरून पानांची कड बघावी. पहिली तीस-चाळीस पानं हाताळून मळलेली, पुढची दीडशे कोरी करकरीत. आत पहिल्या प्रकरणात पट्टी लावून मारलेल्या लाल रेघा, दुसऱ्यात पट्टीविना, तिसऱ्यात कुठे कुठे पेन्सिलीच्या, आणि मग एसटीचं तिकीट. भीतीवर मात करायला निघालेली स्वारी त्या तिकिटापाशी उतरून गेलेली असते.

आणि रेघा कुठे आहेत तेही बघावं. सगळ्या सुविचारांखाली. ‘आता पुस्तक मिटा आणि एक कोरा कागद घ्या’ या वाक्याखाली रेघ मारलेली प्रत काही सापडत नाही.

याला वाचकाचा आळस म्हणून मोकळं होता येईल, पण ते अर्धवट होईल. खरी अडचण अशी की ही पुस्तकं वाचताना बरं वाटतं. उद्या ऑफिसात सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचंय, पोटात गोळा आलाय, आणि रात्री अकरा वाजता उशीला टेकून आपण धैर्यावरचं प्रकरण वाचतोय. पंधराव्या पानापर्यंत गोळा विरघळतो. आता जमेल, असं वाटतं. सकाळी तोच गोळा तिथेच असतो. मग वाटतं, हे पुस्तक काही खास नव्हतं, दुसरं आणू.

इथे चल रे भोपळ्याची गोष्ट आठवते. लेकीकडून लठ्ठ होऊन परतणारी म्हातारी भोपळ्यात बसते आणि वाघाच्या नाकासमोरून टुणुक टुणुक निघून जाते. युक्ती झकास, पण त्यात म्हातारीची वाघाची भीती गेली का? मुळीच नाही. वाघ होता तिथे आहे, म्हातारी भोपळ्यात आहे, आणि पुढच्या वेळी लेकीकडे जायचं तर पुन्हा तेवढाच मोठा भोपळा शोधणं आलं. धीराची पुस्तकं एकामागून एक वाचणारी माणसं बहुतेक या भोपळ्यात बसलेली असतात.

भोपळा आणखी एक आहे. तो विहिरीवरचा. ‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ असं आपण ऐटीत म्हणतो, पण ज्या गावांत पोरं विहिरीत पोहायला शिकली तिथे कुणी त्यांना नुसतं ढकलून दिलं नाही. वाळून पोकळ झालेला भोपळा पाठीला बांधत. कुठे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा, पुढे पुढे झाकण पक्कं बसवलेला रिकामा डबा. बांधायचा तो पाठीलाच. पोटाला बांधला तर तो वर येताना पोराला उताणं करतो आणि हातपाय हवेत. पाठीवर असला की अंग पालथं तरंगतं, हातपाय मारायला मोकळे राहतात. भोपळा पोहत नाही. तो बुडू देत नाही, एवढंच त्याचं काम. पाणी पोरानंच कापायचं.

पुस्तकाकडून याहून जास्त अपेक्षा करू नये, आणि याहून कमीही करू नये. ‘पुस्तक वाचून कुणाची भीती गेलीय?’ असं ठसक्यात विचारणाऱ्यांनी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची हकिगत ऐकावी. एकोणिसाव्या वर्षी हा मुलगा मुलींशी बोलायचं म्हटलं की गारठायचा. वाचनाचं वेड मात्र दांडगं. त्याच्या वाचनात तत्त्वज्ञ होते, तसेच मुलांच्या भीतीवरचे प्रयोगही होते. त्यातला एक मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1924 साली प्रसिद्ध केलेला. पीटर नावाचं तीनेक वर्षांचं पोर सशाला घाबरायचं. बाईंनी त्याला ससा ‘काही करत नाही’ असं समजावत बसण्यापेक्षा त्याचं आवडतं खाणं समोर ठेवलं आणि पिंजऱ्यातला ससा लांबून थोडा थोडा जवळ आणला. बारा फुटांवर चालला, मग चार फुटांवर, मग तीन फुटांवर, मग खोलीत मोकळा. शेवटी पोरगं सशाला आपली बोटं कुरतडू देत होतं.

एलिसनं हे वाचलं आणि पुस्तक मिटून न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात गेला. स्वतःला घातलेला नियम असा की बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिनाभरात एकशेतीस जणी झाल्या. तीस उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. पुन्हा भेटायला एक तयार झाली, आणि तीही आली नाही. निकाल शून्य. पण कुणी किंचाळलं नाही, पोलीस आले नाहीत, जे होईल म्हणून तो इतकी वर्षं गप्प होता त्यातलं काहीही झालं नाही. त्याची भीती गेली ती या शंभर फुसक्या गप्पांत. याच माणसानं 1955 च्या सुमाराला अविवेकी विचार बदलण्यावर भर देणारी जी उपचारपद्धती मांडली तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, आणि कि. मो. फडके यांच्यामुळे ती मराठी वाचकांच्या चांगली ओळखीची आहे. (आजच्या काळात बागेत असे अनोळखी बायकांशेजारी जाऊन बसू नये. सोसायटीतल्या आजोबांपासून सुरुवात केलेली बरी, त्यांना बोलायला कुणी हवंच असतं.)

आता चारचौघांत बोलण्याची भीती घेऊ, कारण ती सर्वांत घरगुती. कागदावर अशा आठ-दहा प्रसंगांची यादी करायची आणि प्रत्येकाला शंभरपैकी भीतीचे गुण द्यायचे. घरात एकट्यानं दोन मिनिटं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणं, दहा. मोबाइलवर आपलाच आवाज रेकॉर्ड करून पुन्हा ऐकणं, पंचवीस. कित्येकांना हेच भयंकर वाटतं. दुकानात गर्दीच्या वेळी ‘हे बदलून द्या’ म्हणणं, पस्तीस. सोसायटीच्या वार्षिक सभेत उभं राहून पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली एवढंच विचारणं, साठ. गणपतीच्या कार्यक्रमात आभार मानणं, सत्तर. दहा मिनिटांचं भाषण, पंचाण्णव. गुण आपले आपण द्यायचे. कुणाला भाषण सोपं आणि दुकानदार अवघड, असंही असतं.

आभारप्रदर्शनाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. मराठी कार्यक्रमातली ही पायरी शिकाऊ माणसासाठीच ठेवली असावी, इतकी ती सोयीची आहे. तीन मिनिटांचं काम, मजकूर ठरलेला, नावांची यादी हातात, आणि श्रोत्यांचं लक्ष मागच्या टेबलावरच्या बटाटेवड्यांकडे. चुकून ध्वनिक्षेपकवाल्याचं नाव राहिलं तरी त्याच्याखेरीज कुणाला कळत नाही. इतक्या कमी धोक्यात माईक हातात मिळण्याची संधी लोक का सोडतात कोण जाणे.

सुरुवात तीस-चाळीस गुणांच्या पायरीवरून करावी. दहाच्या पायरीवर महिना काढला तर काहीच शिकलं जात नाही, आणि एकदम नव्वदवर उडी मारली तर बहुधा तोंडघशी पडून पुढची दोन वर्षं ‘आपल्याला नाही बुवा जमत’ हे वाक्य पक्कं होतं. एक पायरी तीन-चार वेळा करावी, तीही लागोपाठच्या दिवसांत. आज केली आणि पुन्हा दिवाळीनंतर, असं केलं की दर वेळी पहिल्यापासून. तिथले गुण निम्म्यावर आले की पुढची पायरी.

कळीची गोष्ट आहे ती थांबण्याची. भीती सुरुवातीला भराभर चढते: छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळवे ओले होतात. वाटतं, ही अशीच चढत जाणार. ती चढत जात नाही. पळून न जाता तिथेच राहिलं तर ती काही वेळानं आपली आपण उतरायला लागते, कारण तेवढ्या जोरात धडधडत राहणं शरीरालाच परवडत नाही. आपण नेमके ती शिखरावर असताना निसटतो. ‘एक फोन आलाय’ म्हणून बाहेर पडतो. बाहेर आल्याक्षणी हायसं वाटतं, आणि मेंदू नोंद करतो की बाहेर पडलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर बाहेर काढतो. भीती वाढते ती या हायसं वाटण्यावर.

अर्धवट पळणंही असतं, आणि ते ओळखायला कठीण. सभेत गेलो, पण मागच्या रांगेत दाराशी बसलो. बोललो, पण कागदातून मान वर न काढता, एका दमात, पाण्याची बाटली घट्ट धरून. मग कार्यक्रम नीट पार पडला तरी श्रेय बाटलीला जातं. या कुबड्या एका वेळी एक सोडाव्यात. आधी बाटली, मग पूर्ण लिहिलेल्या भाषणाऐवजी पाच शब्दांची चिठ्ठी, मग दोन वाक्यांमध्ये मुद्दाम एक श्वास थांबणं.

श्वासाचंही बघा. ‘घाबरलात? दीर्घ श्वास घ्या’ असं जो तो सांगतो, आणि घाबरलेला माणूस भराभर मोठमोठे श्वास ओढतो. त्यानं शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि तो आणखी घाबरतो. घेण्यापेक्षा सोडणं हळू हवं: चार मोजेपर्यंत नाकानं आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, छाती न फुगवता, पोटानं, दोन-तीन मिनिटं. हे भाषणाच्या वेळी पहिल्यांदा करून बघू नये. आठवडाभर रोज बसमध्ये किंवा कुकरच्या शिट्ट्या मोजताना करून ठेवावं.

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर चार रकाने आखावेत. काय करणार (आणि त्याचे भीतीचे गुण), काय होईल अशी भीती आहे, प्रत्यक्षात काय झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं. दुसरा रकाना आधीच भरायचा, आणि मोजता येईल असा. ‘लोक हसतील’ हे चालत नाही. किती लोक? ‘निदान पाच जण हसतील, सेक्रेटरी मला खाली बसवेल.’ मग सभेत डोळे उघडे ठेवून मोजायचं. बहुतेकदा तिसऱ्या रकान्यात असलं काहीतरी येतं: ‘एक जण हसला, तो मोबाइलमध्ये बघून. सेक्रेटरी म्हणाले, टाकीचं रजिस्टर बघून सांगतो.’ वाचलेल्या शंभर सुविचारांपेक्षा अशा चार ओळींचं वजन जास्त पडतं, कारण त्या आपल्याच अक्षरात असतात.

आरशासमोर उभं राहून ‘मी निर्भय आहे’ म्हणण्याचा उपाय मात्र जपून. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असं दिसलं की ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं, त्यांना स्वतःबद्दलचं असं गोड वाक्य घोकल्यावर उलट जास्त वाईट वाटलं. आतून लगेच उत्तर येतं ना, ‘हो का? मग काल ततपप का झालं?’ त्यापेक्षा ‘पोटात गोळा आलाय, आणि पहिलं वाक्य मला पाठ आहे’ हे म्हणावं. आतला वकील त्यावर गप्प बसतो, कारण दोन्ही गोष्टी खऱ्या असतात.

पुस्तक निवडताना पाच मिनिटं उभ्याउभ्या चाळावं. प्रकरणाच्या शेवटी करायला काही दिलंय का? तो उपाय फसला तर काय करायचं हे लिहिलंय का? डॉक्टरकडे कधी जायचं हे कुठे आहे का? तिन्ही नसतील आणि मुखपृष्ठावर ‘सात दिवसांत’ असेल तर खाली ठेवावं. अनुवादित पुस्तकांतले उपाय चांगले असतात, उदाहरणं आपल्याकडे बसवून घ्यावी लागतात. ‘पार्टीत जाऊन अनोळखी व्यक्तीशी हस्तांदोलन करा’ हे वाचून सांगलीतला माणूस करणार काय? त्यानं लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला ‘मुलीकडचे का मुलाकडचे?’ विचारावं. तीच पायरी आहे. एका पुस्तकाला निदान सहा आठवडे द्यावेत आणि तेवढ्या काळात दुसरं आणू नये.

एकट्यानं करणं हे मात्र कुणी कुठे सक्तीचं केलेलं नाही. सॅम्युअल स्माइल्स या स्कॉटिश लेखकाचं 1859 सालचं ‘सेल्फ-हेल्प’ हे पुस्तक, ज्याच्या नावामुळे इंग्रजीत या सगळ्या प्रकाराला नाव पडलं, तेही एकट्यासाठी सुरू झालं नव्हतं. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात दोन-तीन गरीब तरुण हिवाळ्याच्या संध्याकाळी एकमेकांना शिकवायला जमू लागले, बघता बघता शंभराच्या घरात गेले, आणि जागा पुरेना म्हणून त्यांनी एकेकाळी पटकीच्या रोग्यांसाठी वापरलेली कोंदट खोली भाड्यानं घेतली. स्माइल्स तिथे व्याख्यानं द्यायला जायचे, त्याचं पुस्तक झालं. आजही वाचताना कुणीतरी आठवड्यातून एकदा ‘या आठवड्यात कुठली पायरी?’ विचारणारं असलं तर काम पुढे सरकतं. बहीण चालेल, मित्र चालेल.

काही भीती मात्र या भोपळ्यानं तरंगणारी नसते. महिनोन्‌महिने झोप उडालेली, अचानक धाप लागून आता मरतो असं वारंवार होणं, घराबाहेर पडणंच बंद होणं, जगणं नकोसं वाटणं. अशा वेळी पुस्तक बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र फुकट चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि भीती परत येते, हेही माहीत असलेलं बरं. पीटरचंच घ्या. ससा बराच जवळ आला होता, तेवढ्यात त्याला तापाचा मोठा आजार झाला, दोनेक महिने प्रयोग बंद पडला, त्यातच एक मोठा कुत्रा अंगावर आला. परतल्यावर ससा दिसताच पोरगं पुन्हा पहिल्यासारखं घाबरलं. जोन्सबाईंनी पिंजरा पुन्हा लांब नेला आणि खाणं समोर ठेवलं.

त्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात क्वचित एखादी वेगळी प्रत मिळते. सुविचारांखाली एकही रेघ नाही, मधल्या पानांवर चहाचे डाग, कोपरे दुमडलेले, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर हातानं आखलेले चार रकाने. वरच्या ओळींत अक्षर बारीक आणि गुण मोठे. खाली येईतो गुण उतरत जातात, अक्षर घाईचं होतं. शेवटच्या ओळीत पहिल्याच रकान्यात काहीतरी लिहिलंय, दुसरा आणि तिसरा रिकामा. बहुधा सभेला उशीर होत असावा.