चार विसा आणि फ्रेंच

नव्व्याण्णवला फ्रेंचमध्ये 'चार-वीस-दहा-नऊ' म्हणतात. हे ऐकून क्लासमधली पोरं हसली, मी नाही. आमची आजी सिन्नरच्या बाजारात ऐंशीला 'चार विसा'च म्हणायची.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर. वय ३६. कॅनडाला जायचंय, म्हणून फ्रेंच शिकतोय. कॉलेज रोडवरच्या एका एजंटाने मला दीड तास बसवून फक्त इंग्रजी आणि अर्जाचे पॉइंट्स ऐकवले, वर फाइलचे पैसे घेतले. फ्रेंचचा 'फ'ही काढला नाही. फ्रेंचचा मार्ग मला रात्रपाळीत मोबाइलवर सापडला.

कॅनडात 'फ्रँकोफोन मोबिलिटी' नावाचं वर्क परमिट आहे. नोकरी क्वेबेक या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताच्या बाहेर हवी, ही गंमतच! मालकाला एलएमआयए, म्हणजे 'इथे स्थानिक माणूस मिळत नाही' हे सिद्ध करायचं लांबलचक काम, करावं लागत नाही. तो पोर्टलवर ऑफर टाकतो आणि २३० डॉलर भरतो. आपल्याकडून फ्रेंच बोलणं आणि ऐकणं, दोन्हीत कॅनडाच्या फ्रेंच मोजपट्टीवर (एनसीएलसी) पाचवी पातळी लागते.

कायमच्या वास्तव्याचं गणित वेगळं. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे पॉइंट्सवर माणसं निवडायच्या पद्धतीत, २०२३पासून फ्रेंचवाल्यांसाठी निवडीच्या स्वतंत्र फेऱ्या निघतात, पण तिथे वाचन-लेखनासह चारही कौशल्यांत सातवी पातळी हवी. टीईएफ कॅनडा किंवा टीसीएफ कॅनडा, यातली कुठलीही फ्रेंचची परीक्षा चालते. निकाल दोन वर्षं टिकतो.

माझं ऐकणं अजून कच्चं आहे. बायको म्हणते, "मराठीतलं तरी कुठे ऐकता?"

ऑफर अजून नाही. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या तीन वर्कशॉपना मेल टाकलेत.