आईंचं ‘बरंय’ आणि माझी एक्सेल शीट

भाड्याचं घर बदलायचं होतं. समोर तीन पर्याय: कळवा, ऐरोली, घोडबंदर. माझं ऑफिस रबाळ्याला, ह्याचं ठाण्यात, आणि घरात दिवसभर राहणार सासूबाई. तीन रविवार वाद घातल्यावर मी वैतागून एक्सेल उघडलं. एमबीएला शिकलेलं टॉपसिस आठवत होतं: पर्यायांची क्रमवारी लावायची ह्वांग आणि यून यांची १९८१ची पद्धत. मनात एक आदर्श घर धरायचं, एक सर्वांत वाईट धरायचं, आणि जे पहिल्याच्या जवळ नि दुसऱ्यापासून लांब ते वर.

अडलं ते आकड्यांवर. “पाण्याला दहापैकी किती?” विचारलं तर आई म्हणाल्या, “दहापैकी काय, बरंय.” मग फझीकडे वळले. लोत्फी झादेह यांनी १९६५मध्ये मांडलेल्या फझी सेटमध्ये एखादी गोष्ट ‘चांगली’ या गटात थोडी आत, थोडी बाहेर असू शकते. टॉपसिसला ते जोडलं की शब्दाला एक आकडा न देता तीन द्यायचे: कमीत कमी, साधारण, जास्तीत जास्त. ‘ठीक’ म्हणजे (३, ५, ७), ‘चांगलं’ म्हणजे (७, ९, १०). निकषांचं वजनही असंच शब्दांत सांगायचं. हे आमच्या घराला एकदम मानवलं.

ऐरोलीच्या पाण्याला ह्याने ‘चांगलं’ दिलं, मी ‘बऱ्यापैकी’, म्हणजे (५, ७, ९). आईंचं ‘बरंय’ मी ‘ठीक’मध्ये टाकलं. सरासरी (५, ७, ८.६७). रात्री भांडी आवरताना डोक्यात प्रकाश पडला. ह्याचं ‘बरंय’ म्हणजे होकार. आईंचं ‘बरंय’ म्हणजे तुम्हाला हवं तर घ्या, मी काही बोलणार नाही! त्यांच्यासाठी वेगळी पट्टी केली, (१, ३, ५). सरासरी (४.३३, ६.३३, ८) झाली. पुस्तकात हे कुणी सांगत नाही.

पहिला निकाल मात्र विनोदी आला. घोडबंदर, सगळ्यांत महाग, पहिल्या नंबरावर! भाडं हा ‘जितकं कमी तितकं बरं’ असा निकष, आणि मी तो उलटा करायला विसरले होते. दुरुस्त केल्यावर कळवा वर, ऐरोली अगदी पाठोपाठ.

मग एजंटने दिवा भागातलं एक घर पाठवलं, दहा हजारांत. तिथे जायचं कुणाच्याच मनात नव्हतं, तरी हौसेने ओळ वाढवली. आणि ऐरोली वर, कळवा खाली! आधी चूकच वाटली. पण भाड्याचा गुण ‘सर्वांत स्वस्त भागिले हे भाडं’ असा निघतो. कळवा वीस हजार, ऐरोली अठ्ठावीस: गुण १ आणि ०.७१. दिव्यानंतर तेच ०.५० आणि ०.३६. कळव्याची भाड्यातली आघाडी निम्मी झाली, नि पाठीवर असलेली ऐरोली पुढे सरकली. न घ्यायच्या घराने घ्यायच्या घरांची भांडणं लावली. ओळ काढून टाकली. तरी कळवा-ऐरोलीच्या गुणांत फरक ०.०१चाच, त्यावर डिपॉझिटचे पैसे कोण मोकळे करणार?

रविवारी आईंना दोन्हीकडे पुन्हा घेऊन गेलो. ऐरोलीला त्या हॉलमध्येच बसल्या. कळव्याला स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, पूर्वेच्या भिंतीशी दोन विती मोजल्या, आणि म्हणाल्या, “देवघर इथे बसेल.”

संध्याकाळी टोकन दिलं.