वीज गेली की गच्चीवरचं सोलरही का बंद पडतं?

डोक्यावर रणरणतं ऊन, गच्चीवर पॅनल आणि घरात पंखे बंद. सोलर नवीन असताना वीज गेली की हा धक्का हमखास बसतो. बिघाड वगैरे काही नसतो. ऑनग्रिड इन्व्हर्टरला, म्हणजे बाहेरच्या विजेच्या लाइनला जोडून चालणाऱ्या इन्व्हर्टरला, बाहेरचा पुरवठा दिसेनासा झाला की तो मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. तेव्हाही घर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर, लाइन आणि बॅटरी तिन्ही सांभाळणारा) आणि बॅटरी घ्यावी लागते.

पण बॅटरी किती मोठी, हे सगळ्यात शेवटी ठरवा. आधी लोड, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या उपकरणांचे एकूण वॅट, कमी करा. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर, म्हणजे लेड-अ‍ॅसिड प्रकारची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची. लेड-अ‍ॅसिड रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून ९०० धरा. इन्व्हर्टर स्वतः खातो ते वजा करून साडेसातशेच्या आसपास उरतात. आता ७५ वॅटचे तीन जुने पंखे, ९ वॅटचे पाच एलईडी, १० वॅटचा राउटर: २८० वॅट. पावणेतीन ताससुद्धा निघत नाहीत. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) केले तर लोड १४५ वर येतो आणि तीच बॅटरी पाच तास ओढते. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, एवढंच माझं म्हणणं.

 

खरी गडबड वायरिंगमध्ये होते. बॅकअपचे पॉइंट वेगळ्या डीबीवर (स्विचच्या वाटप पेटीवर) घ्या आणि त्यांचा न्यूट्रलही, म्हणजे करंट परत नेणारी वायर, वेगळा ठेवा. फेज वेगळी काढून न्यूट्रल जुन्याच पट्टीवर ठेवला की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) उगाच ट्रिप होत राहतो, आणि दोष बिचाऱ्या इन्व्हर्टरवर जातो. फ्रिज जोडायचा असेल तर कॉम्प्रेसर सुरू होताना चालू लोडच्या कैकपट करंट ओढतो, हे धरून इन्व्हर्टर निवडा. दार न उघडता फ्रिज चारेक तास थंड राहतो, त्यामुळे बहुतेकांना त्याची गरजच पडत नाही.

इलेक्ट्रिशियन निघायच्या आत मेन स्विच पाडा आणि खोलीखोलीत फिरा: फक्त बॅकअपचे पॉइंट चालू राहायला हवेत. गीझर चालू राहिला तर एक वायर नको त्या डीबीत गेली आहे.