गणिताशिवाय क्वांटम

"टीचर, गणित येत नसलं तरी क्वांटम थिअरी कळेल?" फोंड्यात बारावीच्या मुलांना पदार्थविज्ञान शिकवून मी कधीच निवृत्त झाले, हा प्रश्न मात्र अजून नोकरीत आहे. बाजारात विचारतात, देवळात विचारतात, चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधता बांधताही विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: अर्धी कळेल, आणि चांगली कळेल.

इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानातून सुटे एलईडी आणा, एक लाल, एक निळा. वरचं प्लास्टिक बिनरंगी बघून घ्या, म्हणजे रंग प्लास्टिकचा नाही याची खात्री पटते. लाल एलईडीला दीड व्होल्टचा एक सेल जोडा. पेटत नाही. आता दहा सेल शेजारी शेजारी, धन टोकाला धन टोक असे जोडा. तरी अंधारच! पण दोनच सेल एकामागे एक लावा, मध्ये छोटा रेझिस्टर घाला (नाहीतर एलईडी जळेल), की लख्ख लाल उजेड.

कारण प्रकाश सुट्या पुंजांत, म्हणजे ऊर्जेच्या ठरावीक गाठोड्यांत निघतो (क्वांटम म्हणतात तो हाच पुंज) आणि एका पुंजाची किंमत एकाच इलेक्ट्रॉनला एकरकमी मोजावी लागते. प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या हाती किती ऊर्जा येते ते व्होल्ट सांगतात. शेजारी लावलेल्या दहा सेलांनी इलेक्ट्रॉन वाढवता येतात, पण एकेकाचं बळ तेवढंच राहतं. दहा पोरांनी मिळून गुडघाभर उड्या मारल्या म्हणून गडगा ओलांडला जात नाही. निळा पुंज लालपेक्षा महाग. व्होल्ट हळूहळू वाढवत नेले तर लाल एलईडी पावणेदोनच्या आसपास उजळतो, निळ्याला अडीचच्या आसपास जावं लागतं. हे पुंज जर्मन शास्त्रज्ञ प्लांकनं 1900 साली हिशेबात आणले, आणि प्रकाश खरोखरच तसा वागतो असं आइन्स्टाइननं 1905 साली मांडलं. यात गणित म्हणाल तर एक गुणाकार.

कळंगुटच्या उन्हात पर्यटकांची कातडी सोलवटते तीही याच हिशेबानं. चुलीपुढे दिवसभर बसा, चटका बसेल, पण तसं सोलवटणार नाही. निखाऱ्याच्या लाल प्रकाशाचे पुंज कितीही आले तरी एकेकटा दुबळा. अतिनील किरणांचा एकच पुंज मात्र पेशीतल्या डीएनएला इजा करू शकतो.

किनाऱ्याकडे हल्ली 'क्वांटम हीलिंग'च्या पाट्या दिसतात. त्यांचा यातल्या कशाशीही संबंध नाही. पैसे जपून ठेवा.

उरलेलं अर्धं मात्र गोष्टी सांगून कळत नाही. पडद्याला दोन फटी पाडून एकेक इलेक्ट्रॉन सोडला, तर एकच फट उघडी असताना जिथे इलेक्ट्रॉन पोचत होते, अशा काही जागी दुसरी उघडल्यावर पोचेनासे होतात. वाट वाढली आणि पोचणं थांबलं! साध्या शक्यता एकमेकींना पुसत नाहीत, या पुसतात, कारण इथे बेरीज शक्यतांची नसून तरंगांसारख्या चढउतार असलेल्या राशींची असते. ती बेरीज स्वतः केल्याशिवाय नुसतं "इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन्हीकडे असतो" म्हणणं म्हणजे मंत्र पाठ करणं. पण त्यासाठी लागणारं गणित सुरुवातीला अकरावीच्या त्रिकोणमितीपलीकडे जात नाही. संध्याकाळी आरती झाल्यावर वही घेऊन या.