नेपल्स: घर तिथे, सामान इथे

नेपल्सला जाणारे बहुतेक पर्यटक पॉम्पेईसाठी जातात आणि वेळ उरला तरच शहरातल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात डोकावतात. काही वर्षांपूर्वी मी गेलो तेव्हा हा क्रम उलटा ठेवला होता, आणि आजही कोणी विचारले तर तसाच ठेवायला सांगतो. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम या नगरांचे उत्खनन अठराव्या शतकात बूर्बाँ राजवटीने सुरू केले, आणि तिथे जे जे उचलण्याजोगे सापडले ते, अगदी भिंतींवरून कापून काढलेल्या चित्रांसह, पुढे या संग्रहालयात येऊन पोहोचले. त्यामुळे घर तिथे आणि घरातले सामान इथे, अशी विभागणी झालेली आहे. सामान आधी पाहिले, तर पॉम्पेईतल्या रिकाम्या खोल्या मनातल्या मनात भरता येतात.

संग्रहालयाची इमारत मुळात घोडदळासाठी बांधलेली. पुढे तिथे विद्यापीठ होते. खालच्या मजल्यावर फार्नेझे घराण्याचा शिल्पसंग्रह आहे. रोममधील सम्राट काराकाल्लाच्या स्नानगृहांत सोळाव्या शतकात सापडलेला तीन मीटरहून उंच हर्क्युलिस सोट्यावर रेलून उभा आहे. समोरून तो नुसता थकलेला दिसतो. मात्र वळसा घालून मागे गेल्यावर पाठीमागे लपवलेल्या हातातली, कथेतल्या त्याच्या अवघड कामगिरीत मिळवलेली सफरचंदे दिसतात आणि थकव्याचे कारण कळते. गर्दी मात्र समोरच्या बाजूलाच छायाचित्रे काढत असते.

अलेक्झांडर आणि इराणचा सम्राट दरायस यांच्या लढाईचे प्रसिद्ध मोझाइक पॉम्पेईतील एका श्रीमंत घराच्या फरशीवर 1831 मध्ये सापडले. 1843 मध्ये ते नेपल्सला आणले गेले आणि कालांतराने भिंतीवर उभे बसवले गेले. दहा लाखांहून अधिक बारीक तुकड्यांनी केलेले हे काम पायांखाली असण्यासाठी घडवलेले होते, हे ते भिंतीवर पाहताना विसरायला होते. त्यातला एक पडलेला सैनिक ढालीत स्वतःचे प्रतिबिंब पाहतो आहे. त्या एका चेहऱ्यासमोर मी अलेक्झांडरपेक्षा जास्त वेळ उभा होतो.

मला खरी ओढ होती ती एका लहान मूर्तीची. 1938 मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ माइउरी यांच्या उत्खननात पॉम्पेईत सापडलेली ही हस्तिदंती मूर्ती जेमतेम 25 सेंटिमीटर उंच आहे. अंगभर दागिने ल्यालेली स्त्री आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन लहान परिचारिका असे तिचे स्वरूप आहे. प्रथम तिला लक्ष्मी म्हटले गेले. अनेक अभ्यासक आता तिला यक्षी मानतात. ती आहे ‘गुप्त दालना’त, म्हणजे जिथे कामविषयक वस्तू एकेकाळी कुलूपबंद ठेवल्या जात आणि जे 2000 मध्ये सर्वांसाठी खुले झाले, त्या दालनात. आपल्याकडे देवळाच्या भिंतीवर जिच्याकडे कोणी वळूनही पाहिले नसते, ती बाई तिथे का, याचे मला हसू आले.

मराठवाड्यातील तेर आणि भोकरदन येथे तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडल्या आहेत, आणि तेरची मूर्ती मी तिथल्या लामतुरे संग्रहालयात आधी पाहिलेली होती. म्हणून ‘ही आपलीच’ असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पॉम्पेईच्या मूर्तीच्या बैठकीवर खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी भारतीय उपखंडाच्या वायव्येकडची, त्यामुळे एवढ्या खात्रीने बोलणे बरे नाही. सातवाहनकाळातल्या मराठवाड्याचा रोमन जगाशी व्यापार होता, हे मात्र निर्विवाद.

घर एकीकडे आणि सामान दुसरीकडे, याच्या अगदी उलट अनुभव नेपल्समधल्याच सान लोरेंझो माज्जोरे या चर्चखाली येतो. पायऱ्या उतरून गेले की रोमन बाजाराची गल्ली लागते आणि तिच्या कडेची दुकाने जिथल्या तिथे उभी दिसतात. वस्तू फारशा नाहीत, पण जागा हललेली नाही.

दुसऱ्या दिवशी पॉम्पेईत मोझाइकच्या मूळ जागी त्याची प्रतिकृती पाहिली आणि मग व्हिया देल्ल’अब्बोन्दान्झा या रस्त्याने ती हस्तिदंती मूर्ती जिथे सापडली ते घर शोधत गेलो. त्या घराला अभ्यासकांनी ‘भारतीय मूर्तीचे घर’ असेच नाव दिले आहे. मूर्ती नेपल्सला आहे. घराचे नाव मात्र तिचेच राहिले आहे.