पोटात १०० घोडे, पंखाखाली १२ रॉकेटं: बायाफ्रा बेबीचं काम कुठवर आलं

मंडळी, गेल्या वेळी धडाचा सांगाडा उभा करून थांबलो होतो. त्याला अडीच महिने झाले, आणि त्यातले सहा आठवडे निव्वळ पावसानं खाल्ले. आता पंख बसलेत, वैमानिकाच्या डोक्यावरची काच तिसऱ्या प्रयत्नात निघाली, रॉकेटांचे पॉड, म्हणजे पंखाखालचे नळ्यांचे डबेही झाले. रंग अर्धवट आहे. तो अर्धवट का आहे हे सांगायला एक दुकान आणि एक पापड लागेल, त्यामुळे ते शेवटी.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मॉडेल आहे माल्मो एमएफआय-९बी या स्वीडिश विमानाचं. १९६९ मध्ये नायजेरियातून फुटून निघालेल्या बायाफ्रानं रॉकेटं बांधून ते युद्धात उतरवलं, तीच बायाफ्रा बेबी. प्रमाण १:२४, किट नाही, सगळं प्लॅस्टिक शीट आणि लाकडातून. खऱ्या विमानाचे पंख ७.४३ मीटर, म्हणजे माझ्याकडे ३१ सेंटिमीटर. लांबी ५.८५ मीटर, म्हणजे साडेचोवीस सेंटिमीटरला जरा कमी. शाळेच्या पट्टीएवढं विमान. मुळातच ते इतकं लहान आहे की १:७२ मध्ये केलं तर तळहातावर हरवेल.

ग्रुपमधल्या एकानं विचारलं होतं, पायपर कब का नाही केलीस? १९४४ साली फ्रान्समध्ये चार्ल्स कार्पेंटर नावाच्या अमेरिकन मेजरनं आपल्या पायपर कब या छोट्या विमानाला सहा बझूका बांधून जर्मन रणगाड्यांवर डागले होते; गोष्ट भन्नाट आहे, किटही सहज मिळतं. बरोबर. पण ते एका माणसाचं धाडस. बायाफ्रात पाच हौशी विमानांचं अख्खं हवाई दल उभं राहिलं, आणि तेही अशा माणसाच्या डोक्यातून, जो आदल्या वर्षी तिथं अन्नधान्य घेऊन गेला होता. मला तो माणूस सोडवत नाही.

पंख

या विमानाचे पंख किंचित पुढे झुकलेले आहेत. मागे नव्हे, पुढे. कारण समजलं तेव्हा डिझायनरला मनातल्या मनात नमस्कार केला. पंखांचा मुख्य आडवा दांडा त्यानं दोघा बसणाऱ्यांच्या डोक्यामागून नेला, म्हणजे वर आणि बाजूला बघायला आडकाठी नाही. पण दांडा मागे गेला की उचलणारं बळही मागे जातं आणि तोल बिघडतो. मग पंखच जरा पुढे वळवले, तोल परत जागेवर. हा डिझायनर ब्यॉर्न अँड्रेआसन. अमेरिकेत कॉन्वेअर कंपनीत नोकरी करता करता त्यानं फावल्या वेळात आपलं बीए-७ बांधलं आणि १९५८ साली उडवलं. पुढे माल्मोच्या कारखान्यानं तेच सुधारून एमएफआय-९ केलं, जर्मनीत बोल्कोनं ज्युनिअर या नावानं. फावल्या वेळातलं काम! आपण फावल्या वेळात काय करतो ते सोडा.

मॉडेलमध्ये हा झुकाव नीट साधणं हीच खरी परीक्षा. दोन्ही बाजूंना सारखा नसेल तर वरून बघताना विमान लंगडं दिसतं. सनबोर्डवर वरचा आराखडा चिकटवला, कडेनं टाचण्या ठोकल्या, आणि धड व पंख त्यातच बसवून रात्रभर ठेवले. सकाळी मोजलं तर डावा पंख टोकाला दीड मिलिमीटर मागे. पुन्हा तोडला. दुसऱ्यांदा बसला. प्रत्येक पंखाखाली एकच तिरका आधार आहे, तो पितळी तारेचा केला, म्हणजे पंख खरोखरच त्यावर टेकतोय. दिखाऊ आधार असला की सहा महिन्यांत पंख खाली वाकतात, हे मागच्या ऑस्टर विमानाच्या मॉडेलवर शिकलोय.

पॉड

इथं मात्र मजा आली. पंखाखाली दोन पॉड, प्रत्येकात सहा, अशी ६८ मिलिमीटरची बारा फ्रेंच रॉकेटं प्रत्येक विमानाला होती. ६८ भागिले २४ म्हणजे २.८ मिलिमीटर. आठवडाभर तेवढी नळी शोधत हिंडलो. पितळी नळी ३ ची मिळते, पण जाड, आत भोक फारच बारीक दिसतं. शेवटी सापडली कुठे, तर भाचीच्या कंपासपेटीत. बॉलपेनची रिफिल! बाहेरून ३ च्या आसपास, भिंत पातळ. संपलेल्या रिफिली स्पिरिटमध्ये बुडवून ठेवल्या, आतली शाई दाभणाला कापूस गुंडाळून काढली. तरी निळी छटा राहिलीच. रंगाखाली जाणार म्हणून सोडून दिलं. बारा तुकडे एकाच मापाचे कापायला लाकडाच्या ठोकळ्यात खाच केली, त्यात रिफिल ठेवून ब्लेड गोल फिरवायचं. दाबून कापलं तर तोंड चेपतं. आणि रिफिलला साधं प्लॅस्टिक सिमेंट धरत नाही हे लक्षात ठेवा. खरवडून सुपरग्लू लावला, वरून एम-सीलचा पातळ हात.

पॉड लावून बघितले आणि पहिल्यांदा जाणवलं की विमानाच्या मानानं ते किती मोठे आहेत. म्हणून बसून हिशेब केला. विमानाचं रिकामं वजन सुमारे ३४० किलो, उडताना जास्तीत जास्त सुमारे ५७५. मधले २३५ किलो हीच सगळी मालमत्ता. त्यात ८० किलोचा वैमानिक बसवा, उरले १५५. एक रॉकेट पाच किलोचं धरलं तरी बारांचे साठ. उरले ९५, त्यात पॉडचं स्वतःचं वजन आणि पेट्रोल. शेजारची सीट रिकामी. इंजिन कॉन्टिनेंटल ओ-२००, १०० अश्वशक्ती; आज आपल्याकडच्या रस्त्यावर एखाद्या मध्यम गाडीला असते तेवढी. वेग ताशी २४० किलोमीटरच्या आत. समोर नायजेरियाकडे मिग-१७ ही लढाऊ जेट आणि इल्युशिन-२८ बॉम्बर.

हवेत गाठ पडली असती तर काही खरं नव्हतं. म्हणून हवेत गाठ पडूच द्यायची नाही, हा सगळा डाव. झाडांच्या शेंड्यांवरून जायचं, धावपट्टीच्या कडेला उभी असलेली विमानं गाठायची, रॉकेटं सोडायची आणि पुन्हा झाडांत. २२ मे १९६९ ला पाच विमानांनी पोर्ट हारकोर्टच्या विमानतळावर हल्ला केला. त्यानंतर काही दिवसांतच बेनिन, एनुगू आणि उघेलीचं वीज केंद्र. नेमकी किती विमानं जळाली यावर दोन्ही बाजूंचे आकडे काही जुळत नाहीत, आणि युद्धात ते जुळावेत अशी अपेक्षाही नाही. पाच वैमानिकांत तीन स्वीडिश आणि दोन बायाफ्रन: ऑगस्टस ओक्पे आणि विली मरे-ब्रूस. या दोघांची नावं मागे पडतात, सगळा प्रकाश काउंटवर.

काउंट

काउंट म्हणजे स्वीडिश सरदार कार्ल गुस्ताफ फॉन रोसेन, जन्म १९०९. त्याची मावशी कारीन ही हिटलरचा हवाई दलप्रमुख हेरमान गोअरिंग याची पहिली बायको. भाचा मात्र उलट्या दिशेनं गेला. १९३५-३६ मध्ये इटलीनं इथिओपियावर हल्ला केला तेव्हा हा तिथं रेडक्रॉसचं रुग्णविमान उडवत होता. १९४० मध्ये फिनलंड रशियाशी लढत होतं तेव्हा हा तिकडं, आणि उडवलं काय, तर बॉम्ब टांगण्याची सोय केलेलं डीसी-२. प्रवासी विमान! फिनिश लोकांनी ते आजही जपून ठेवलंय. म्हणजे नागरी विमानाला शस्त्र बांधायची कल्पना त्याला साठाव्या वर्षी सुचली नव्हती, तिशीतच तो तिच्यात बसून आला होता.

ऑगस्ट १९६८ मध्ये बायाफ्राला वेढा पडलेला, मुलं उपाशी मरत होती, आणि मदतीची विमानं विमानविरोधी तोफांमुळे अडली होती. रोसेननं डीसी-७ झाडांच्या उंचीवरून नेऊन उलीला उतरवलं. उलीची धावपट्टी म्हणजे रुंद केलेला हमरस्ता. त्यानंतर मदत पुन्हा सुरू झाली. पण त्यानं जे पाहिलं त्यावरून त्याचं मत असं झालं, की धान्य पोचवून भागणार नाही, ते उतरू न देणारी विमानंच मोडली पाहिजेत. वर्षाच्या आत तो रॉकेटं घेऊन परतला.

माझं मत विचाराल तर मला हा माणूस आवडतो आणि त्याच्या या निर्णयाची भीतीही वाटते. मदत करणाऱ्यानं एकदा शस्त्र उचललं की पुढच्या मदत करणाऱ्याकडे कोण कसं बघणार? आणि दुसरीकडे, उलीच्या धावपट्टीवर रात्री बॉम्ब पडत असताना धान्याची पोती मोजत बसणाऱ्याला हे ऐकवायची माझी हिंमत नाही. पॉडच्या नळ्या घासताना हे डोक्यात फिरत राहतं. असो.

युद्ध जानेवारी १९७० मध्ये संपलं, बायाफ्रा हरला. आणि १९७४ च्या दुष्काळात रोसेन इथिओपियात पुन्हा हजर. या वेळी अँड्रेआसनचंच पुढचं विमान, एमएफआय-९ चा थोरला भाऊ म्हणा. पंखाखाली तशीच टांगायची सोय, फक्त तिथं आता अन्नाचे गठ्ठे, आणि ते खाली उडत जाऊन रस्ता नसलेल्या गावांत टाकायचे. १९७७ मध्ये इथिओपिया आणि सोमालियाच्या ओगादेन युद्धात गोडे इथं सोमाली हल्ल्यात तो मारला गेला. त्या थोरल्या भावाची लष्करी आवृत्ती आपल्याला ओळखीची आहे बरं का: पाकिस्तानात काम्रा इथं बनणारं मुश्शाक ते हेच.

काच

काचेसाठी शिवणीच्या लाकडाचा साचा कोरला, दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत घातला आणि हीट गननं बाटली आवळली. पहिल्या वेळी लाकडाच्या रेषा काचेवर जशाच्या तशा उमटल्या. दुसऱ्या वेळी जास्त तापवली, ती दुधाळ झाली. तिसऱ्या वेळी साच्यावर एनसी पुट्टीचे चार हात देऊन, १००० नंबरच्या वॉटर पेपरनं आरशासारखा घासून घेतला. निघाली. चिकटवायला फेव्हिकॉल, सुपरग्लूच्या वाफेनं काच आतून धुरकटते, मग रडत बसायचं.

काच बसवण्याआधी नाकात वजन भरायला विसरू नका. पुढचं चाक असलेलं विमान, शेपटीवर बसायला टपलेलंच असतं. मी सायकलच्या बेअरिंगचे छर्रे इंजिनच्या जागी भरलेत. किती? बसेल तितके, अधिक चार.

रंग, आणि तो पापड

या विमानांबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे त्यांना दिलेला रंग: हिरव्याच्या दोन छटा, आणि रंग फोक्सवॅगन गाड्यांचा. मग मी मॉडेलिंगचा रंग कशाला वापरू? नाना पेठेत एका गाड्यांच्या रंगाच्या दुकानात गेलो.

"काका, फोक्सवॅगनचा हिरवा मिळेल?"

"कुठली गाडी? पोलो का व्हेंटो?"

"जुनी आहे. १९६९ ची."

त्यांनी चष्मा वर केला. "बीटल! अरे वा. कोणाची?"

इथं मी खरं बोललो, ही चूक. मोबाइलवर फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "विमानाला गाडीचा रंग? टिकला का?" एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न पडला नव्हता. जेमतेम टिकायला हवा होता तेवढा टिकला असावा, असं सांगितलं. त्यांनी शेड कार्ड काढलं, दोन हिरवे निवडून दिले, एक गडद, एक पिवळट, प्रत्येकी शंभर मिली. पैसे नेहमीचेच घेतले, पण पूर्ण झाल्यावर आणून दाखवायचं कबूल करून घेतलं.

घरी येऊन टाकाऊ शीटवर थेट मारला. थिनरनं प्लॅस्टिक खाल्लं, दहा मिनिटांत पृष्ठभाग भाजलेल्या उडदाच्या पापडासारखा. म्हणून आधी अॅक्रिलिक प्रायमर, तो दोन दिवस वाळवून, मग एअरब्रशनं रंगाचे धुक्यासारखे पातळ हात, मध्ये पंधरा मिनिटं. घाई नाही. पहिला हिरवा असाच बसला, सुंदर बसला. दुसऱ्या हिरव्याला हात घातला आणि त्या दिवशी पाऊस लागला. रंगावर पांढरट झाक, जणू पीठ उडालंय. काकांना फोन केला. "पावसात मारला ना? रिटार्डर घाला, नाहीतर थांबा." उजव्या पंखाचा तेवढा भाग ८०० नं घासून काढलाय. मी थांबतोय.

दरम्यान प्रोपेलर झाला, चाकांचे टायर झाले, धुराड्याच्या नळीला गंजाचा पहिला हात दिलाय. यानंतर टेबलावर येणार ते ऑटर विमान. १९७१ मध्ये दिमापूरला बांगलादेशी वैमानिकांच्या किलो फ्लाइट या तुकडीला आपल्या हवाई दलानं दिलेलं, पंखाखाली सात-सात रॉकेटं, आणि ३ डिसेंबरच्या रात्री चितगावच्या तेलटाक्यांवर गेलेलं. त्याचं १:४८ चं किट कुणाकडे पडून असेल तर कळवा. रिफिली मात्र आत्तापासून जमवतोय. भाचीला रोज विचारतो, पेन संपलं का.